राजीनामा, बेबाकी आणि दाखला

गुढीपाडव्याच्या दिवशी वऱ्हाडातील सधन शेतकऱ्याच्या घरी दोन कामे होत असत : दारात गुढी उभी राही, आणि ओसरीवर सालदाराचा हिशेब होई. वर्षभरात त्याने घेतलेली उचल, घरी नेलेले धान्य, पडलेले खाडे, ठरलेला कपडालत्ता हे सारे बोलून-मोजून झाले की उरलेसुरले त्याच्या हातावर ठेवले जाई. आणि मग त्याच घरी नवे साल धरावे की दुसऱ्या वाड्यावर जावे, हे ठरविण्यास तो मोकळा होई. या मोकळेपणाला कागद लागत नसे, कारण पाडव्याच्या सकाळी कोण कोणाकडून सुटला हे अवघ्या गावास ठाऊक असे. जो मात्र ऐन हंगामात साल मोडून निघून जाई, त्याची वार्ता त्याच्या आधीच पुढच्या गावी पोहोचे, आणि नवा मालक त्याला ठेवून घेण्यापूर्वी मागच्या घराची चौकशी करी. या व्यवहारात सारे न्याय्यच होते असे मी म्हणणार नाही; हिशेबाची वही मालकाच्या हाती असे, ती वाचता न येणाऱ्या माणसाचे एका सालाचे देणे दुसऱ्या सालावर चढे, आणि कित्येकांचा पाडवा सुटकेवाचूनच उलटून जाई. तथापि सुटका ही दोघांखेरीज तिसऱ्याच्या देखत होण्याची गोष्ट आहे, एवढे शहाणपण त्या रीतीत निश्चितच होते.

आज बुलढाणा जिल्ह्यातील तरुण ज्या नोकरीत असतो तेथे हा तिसरा साक्षीदार उरलेला नाही. १३ तालुक्यांच्या आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे २५ लाख ८६ हजार लोकवस्तीच्या या जिल्ह्यात खामगाव, मलकापूर यांसारख्या ठिकाणच्या औद्योगिक वसाहती सोडल्या तर कारखानदारी बेताचीच. त्यामुळे देऊळगाव राजाचा मुलगा जालन्याच्या पोलाद कारखान्यांत जातो, चिखलीचा वाळूजला, मलकापूर-नांदुऱ्याचा रेल्वेने कल्याण-ठाण्याकडे किंवा सुरतेकडे, आणि शेगावला अभियांत्रिकीची पदवी घेतलेला पुण्याच्या हिंजवडीत. एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात, एका ठेकेदाराकडून दुसऱ्या ठेकेदाराकडे, एका शिक्षणसंस्थेतून दुसऱ्या संस्थेत तो जातो तेव्हा त्याच्या जाण्याला गाव साक्षी नसतो. साक्षी असतो तो केवळ एक कागद, आणि तो कागद देणे न देणे हे सर्वस्वी ज्याला तो सोडून चालला आहे त्याच्याच हाती असते. ‘रिलीव्हिंग लेटर’ या नावाने आता खेड्यापाड्यांतही ओळखल्या जाणाऱ्या या कागदाअभावी किती माणसांच्या नव्या नोकऱ्या अडतात, किती जणांचे भविष्य निर्वाह निधीचे पैसे जुन्या खात्यात अडकून पडतात, आणि अनुभवाची किती वर्षे हिशेबातून गळून जातात, हे ज्याने आपल्या घरी वा शेजारी पाहिले असेल त्यास या प्रश्नाचे महत्त्व सांगावयास नको. यास्तव या संपूर्ण प्रश्नाचा इतिहास, कायदा आणि व्यवहार या तिन्ही अंगांनी आढावा घेण्याचे येथे योजिले आहे.

तीन कागद, एक नाव

ज्याला आपण आज एका नावाने ओळखतो त्या कागदात वस्तुतः तीन निरनिराळे कागद एकत्र शिवलेले आहेत, आणि या प्रश्नातील बहुतेक गोंधळाचे मूळ या शिवणीतच आहे. आपल्या जुन्या दप्तरी भाषेत या तिघांना तीन स्वतंत्र नावे होती.

पहिला राजीनामा. फारसीतून आलेल्या या शब्दाच्या पोटातच ‘राजी’ आहे; म्हणजे तो मूळचा केवळ सोडून जाण्याचा नव्हे, तर संमतीचा लेख. आपल्या महसुली व्यवहारात जुना कब्जेदार राजीनामा देई आणि नवा कबुलायत लिहून देई, तेव्हा जमिनीवरील हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जाई. नोकरीतील राजीनामा हा त्याच कुळातला आहे : तो नोकराची इच्छा सांगतो, आणि ती इच्छा केव्हापासून अमलात यावी याची तारीख सांगतो.

दुसरी बेबाकी, किंवा तिच्या जवळची फारखती. ‘बाकी काही उरले नाही’ असे सांगणारा हा लेख. सेवा सहकारी सोसायटीचे पीककर्ज फेडून बेबाकी दाखला आणण्यासाठी सचिवाच्या दारी हेलपाटे घातलेला प्रत्येक शेतकरी त्याचे मोल जाणतो. नोकरीत तो दोन्ही बाजूंनी लागतो : नोकराकडे संस्थेची वस्तू, किल्ली, आगाऊ रक्कम उरली नाही, आणि संस्थेकडे नोकराचे वेतन, शिल्लक रजेचे पैसे, उपदान उरले नाही.

तिसरा दाखला. जे दप्तरी दाखल आहे ते सांगणे एवढेच याचे काम. अमुक इसम अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक कामावर होता, हे दाखला सांगतो. तो कोणाचा संतोष सांगत नाही, रोष सांगत नाही, देणेघेणे सांगत नाही.

पहिल्या कागदाचा विषय इच्छा आहे, दुसऱ्याचा हिशेब, तिसऱ्याचा सत्य घटना. इच्छेविषयी वाद होऊ शकतो, हिशेबाविषयी तर होतोच होतो. परंतु घडलेल्या घटनेविषयी वाद संभवत नाही. मुदत न भरता गेलेला नोकरही त्या कारखान्यात तीन वर्षे कामाला होताच, आणि मालकाची नाराजी कितीही रास्त असली तरी ती तीन वर्षे पुसून टाकण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. असे असता हे तीन कागद एकाच पत्रात कोंबल्यामुळे हिशेबाच्या वादासाठी सत्य घटना ओलीस धरली जाते. माझ्या मते या प्रश्नाचे मर्म हे एवढेच आहे, आणि पुढील सारे विवेचन या एका भेदाच्या उजेडात वाचावे अशी विनंती आहे.

सोडून जाणे हा गुन्हा होता

काम सोडून जाणाऱ्या माणसाकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची दृष्टी फार काळ कठोर होती. फ्रान्समध्ये १८०३ पासून कामगाराला एक वही बाळगावी लागे; जुन्या मालकाने तीत ‘हा आपल्या जबाबदारीतून मुक्त झाला’ असे लिहून दिल्याखेरीज त्याला नवे काम मिळू शकत नसे, त्याच्यावरील उचलही त्याच वहीत चढे, आणि नवा मालक ती त्याच्या मजुरीतून कापून जुन्याला देई. ज्याच्याजवळ वही नाही तो भटक्या ठरे. ही वही १८९० मध्ये रद्द झाली. हिंदुस्थानात १८५९ च्या तेराव्या कायद्याने, उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला वा मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करून एकतर काम करण्याचा किंवा पैसे परत देण्याचा हुकूम देता येई, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीचा तुरुंगवास होई. दिवाणी स्वरूपाचा करारभंग अशा रीतीने फौजदारी अपराध झाला होता. हा कायदा रद्द करणारा कायदा येण्यास १९२५ साल उजाडावे लागले.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगार व सक्तीचे श्रम निषिद्ध ठरविले, १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला, आणि व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय सक्तीने पार पाडून घेणार नाही हे तत्त्व १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातही राहिले. म्हणजे आज कोणताही मालक कोणाही नोकरास ‘तू माझ्याकडेच काम कर’ असे न्यायालयाच्या हुकमाने भाग पाडू शकत नाही. परंतु यावरून नोकराने हवे तेव्हा उठून जावे असेही ठरत नाही. आणि ही मर्यादा ज्या खटल्याने स्पष्ट केली तो आपल्या महाराष्ट्रातलाच आहे.

निरंजन शंकर गोलिकरी हे कल्याणजवळच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात, टायरला लागणाऱ्या धाग्याच्या विभागात पाळी पर्यवेक्षक होते. विदेशी कंपन्यांच्या सहकार्याने आलेले हे तंत्र गुप्त राखण्याच्या आणि १९६३ च्या मार्चपासून पाच वर्षे दुसरीकडे नोकरी न करण्याच्या अटी त्यांच्या करारात होत्या. १९६४ च्या अखेरीस त्यांनी ऑक्टोबरच्या शेवटापासून आपण राजीनामा दिला असल्याचे कंपनीस कळविले. कंपनीने तो राजीनामा स्वीकारला नसल्याचे सांगून त्यांना कामावर बोलाविले. त्यांनी आपल्याला दुसरी नोकरी मिळाल्याचे उत्तर दिले. ती नोकरी कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये, त्याच धंद्यातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९६७ रोजी निर्णय दिला तो असा की, कराराच्या मुदतीपुरता, तशाच कामावर प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याचा मनाईहुकूम योग्य आहे. नोकरी संपल्यावर मात्र असे बंधन १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे टिकत नाही, ही न्यायालयांची दृष्टी पुढे दृढ झाली.

या खटल्यात कंपनीने राजीनामा स्वीकारला नसल्याचे सांगितले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अलीकडच्या काळात, २०१८ च्या डिसेंबरात, एका हवाई वाहतूक कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राजीनामा देणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. नियमांत वा नेमणुकीच्या अटींत विरुद्ध तरतूद असेल, अथवा खात्यांतर्गत चौकशी चुकविण्यासाठी तो दिला असेल, तेवढेच अपवाद. दुसऱ्या बाजूने १४ मे २०२५ च्या निर्णयात, विजया बँकेतील तीन वर्षांची अट पुरी न करता आयडीबीआय बँकेत गेलेल्या अधिकाऱ्याकडून बंधपत्राचे २ लाख रुपये घेणे त्याच न्यायालयाने वैध मानले. हे दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे कायद्याचा कल स्वच्छ दिसतो : जाणाऱ्याला अडवू नये, परंतु त्याच्या जाण्याने झालेले रास्त नुकसान पैशाने भरून घेता यावे. इच्छा आणि हिशेब यांचा भेद न्यायालयांनी असा राखला आहे. खेदाची गोष्ट एवढीच की तिसऱ्या कागदाचा, दाखल्याचा, विचार या मोठ्या खटल्यांत जवळजवळ आलाच नाही.

सरकारी दप्तराची शिस्त

सुटकेच्या कागदाची सर्वांत जुनी आणि सर्वांत पूर्ण व्यवस्था सरकारी नोकरीत आढळते. जिल्हा परिषदेचा शिक्षक असो की तहसिलीतील अव्वल कारकून, बदलीच्या वेळी त्याला कार्यमुक्तीचा आदेश मिळतो, तो पदभार सोपवितो, अंतिम वेतन प्रमाणपत्र त्याच्याबरोबर जाते, आणि सेवापुस्तक त्याच्या मागोमाग नव्या कार्यालयात पोहोचते. या व्यवस्थेची कसोटी बुलढाणा जिल्ह्याने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाच्या इतर सात जिल्ह्यांसह बुलढाणा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, तेव्हा येथील कर्मचाऱ्यांनी राजीनामा दिला नव्हता, कोणी त्यांना कार्यमुक्त केले नव्हते. त्यांच्या पायाखालचे राज्यच बदलले होते. परंतु राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने त्यांच्या सेवेचे सातत्य राखले, आणि केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या सेवाशर्ती त्यांना तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत असे ठरविले. मालक बदलला तरी केलेल्या सेवेची नोंद बुडता कामा नये, हे तत्त्व राज्याने स्वतःच्या बाबतीत किती दक्षतेने पाळले, याचा हा दाखला आहे.

याच शिस्तीची दुसरी, कठोर बाजूही आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांच्या ४६ व्या नियमानुसार राजीनामा दिला की पूर्वीची सेवा जप्त होते. मात्र योग्य परवानगीने दुसरे सरकारी पद स्वीकारण्यासाठी तो दिला असेल तर सेवा जप्त होत नाही. यालाच व्यवहारात तांत्रिक राजीनामा म्हणतात. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन लागू नाही असे शासनाने ठरविल्यापासून या एका परवानगीची किंमत अफाट वाढली. समजा, २००३ मध्ये एका खात्यात लिपिक म्हणून लागलेला उमेदवार स्पर्धा परीक्षेतून २००७ मध्ये दुसऱ्या खात्यात गेला. अर्ज योग्य मार्गाने केला असेल आणि राजीनाम्यात नव्या पदाचा उल्लेख असेल, तर तो जुन्या निवृत्तिवेतनावर हक्क सांगू शकतो. आणि घाईघाईने साधा राजीनामा देऊन गेला असेल, तर त्याची चार वर्षे आणि त्यांच्याबरोबर आयुष्यभराचे निवृत्तिवेतन हातचे जाऊ शकते. तरुणपणी निष्काळजीपणे लिहिलेल्या दोन ओळी म्हातारपणी एवढ्या महाग पडतात, हे नव्याने नोकरीस लागणाऱ्या प्रत्येकास वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवावे.

शाळा, कारखाना आणि ठेकेदार

खाजगी शाळांच्या बाबतीत आपल्या राज्याने केलेला कायदा विशेष मननीय आहे. १९७७ च्या खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या अधिनियमातील सातवे कलम सांगते की, राजीनामा देऊ इच्छिणाऱ्याने त्याच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत व्यवस्थापनाकडे नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावी. त्याखालील १९८१ च्या नियमांनी कायम कर्मचाऱ्यास तीन महिन्यांची, इतरांस एका महिन्याची पूर्वसूचना घातली आहे. एवढा बारकावा विधिमंडळाने का केला, हे संस्थांचे अंतरंग जाणणाऱ्यास सहज उमजेल : नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या कागदावर वा बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवावी आणि मर्जी फिरली की त्यावर तारीख घालावी, या अनिष्ट प्रथेला त्या तारखेने आणि त्या टपालाच्या पावतीने आळा बसतो. गावातील साक्षीदाराची जागा येथे टपाल खात्याने घेतली आहे. हाच नमुना इतरत्रही सहज उचलता येण्याजोगा होता.

कारखान्यांतील कामगारासाठी १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने वाट करून दिली. त्याखालील केंद्रीय आदर्श स्थायी आदेशांच्या १६ व्या खंडात कायम कामगारास बडतर्फी, सेवासमाप्ती वा निवृत्तीच्या वेळी सेवा प्रमाणपत्राचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला होता. यातील ‘बडतर्फी’ हा शब्द फार मोलाचा आहे. ज्याला दोषी ठरवून काढले त्यालाही दाखला मिळतो, म्हणजे दाखला हे वर्तनाचे बक्षीस नव्हे, हे येथे कायद्यानेच मान्य केले. त्याहूनही आश्चर्याची तरतूद कंत्राटी कामगारांसाठी होती. १९७१ च्या केंद्रीय नियमांतील ७७ व्या नियमानुसार, कोणत्याही कारणाने काम संपले तरी ठेकेदाराने कामगारास सेवा प्रमाणपत्र दिलेच पाहिजे. म्हणजे ज्याला सर्वांत अधिक असहाय समजावे त्या ठेकेदारी कामगाराचा हक्क कागदावर सर्वांत निःसंदिग्ध होता. आणि ज्यांना तो ठाऊक आहे असे कामगार मात्र दिवा घेऊन शोधावे लागतील.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता देशात लागू झाल्या आणि या चित्रात उजेड व अंधार दोन्ही वाढले. प्रत्येक कर्मचाऱ्यास नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचेही वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे, असे वेतन संहितेचे १७ वे कलम सांगते. आणि मुदतीच्या नेमणुकीवरील कामगारास एका वर्षाच्या सेवेवरही उपदान मिळू शकते. परंतु स्थायी आदेशांचे बंधन आता ३०० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरतेच उरले. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात, जेथे जिनिंग-प्रेसिंग, डाळ गिरण्या, लहान अभियांत्रिकी कारखाने आणि पतसंस्था यांवरच बहुतांश रोजगार उभा आहे, तेथे या मर्यादेत बसणारी आस्थापने थोडीच असणार. प्रवेशाचा कागद सर्वांना सक्तीचा झाला. निर्गमाच्या कागदाला तशी सार्वत्रिक सक्ती लाभली नाही. व्यवस्थापकीय पदांवरील माणसाला तर नेमणुकीच्या अटी आणि दिवाणी न्यायालय एवढाच आधार आहे.

आणि ज्यांच्याजवळ कोणताच कागद नाही त्यांचे काय? सिंदखेड राजा, लोणार या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. उचल फिटेपर्यंत त्यांना सुटता येत नाही, आणि ती फिटली की नाही हे मुकादमाची वहीच सांगते. त्यांना बेबाकी मिळत नाही, मग दाखला कोठला? पाडव्याच्या ओसरीवरील सालदाराची स्थिती यांच्यापेक्षा एका परीने बरी म्हणावी, कारण त्याच्या हिशेबाला निदान गाव साक्षी होता.

यंत्राने ठेवलेली नोंद

मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एक नोंद मात्र आता आपोआप तयार होत असते. १९५२ च्या कायद्याखालील भविष्य निर्वाह निधीत २०१४ पासून प्रत्येक सभासदास एकच कायम क्रमांक मिळतो, आणि नोकऱ्या कितीही बदलल्या तरी त्या साऱ्या या एका क्रमांकाखाली येतात. पूर्वी जुन्या मालकाने ‘निर्गमन दिनांक’ भरला नाही तर सारे अडून राही. २०२० च्या जानेवारीपासून शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर सभासद स्वतःच ही तारीख नोंदवू शकतो. ही सुधारणा दिसायला लहान असली तरी तिचा आशय मोठा आहे : सुटल्याची तारीख सांगण्याचा अधिकार प्रथमच सुटणाऱ्याच्या हाती आला. या नोंदीवर पुष्कळ काही अवलंबून असते. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांची सेवा लागते आणि ती अनेक ठिकाणची मिळून चालते. परंतु दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या, म्हणजे जुनीकडून सुटल्याची तारीख नवीकडे लागल्याच्या तारखेनंतरची पडली, की दावा अडतो. पाच वर्षांच्या सलग सेवेपूर्वी रक्कम काढली तर तीवर आयकर लागतो. तीच नव्या खात्यात वर्ग केली तर सेवा जोडली जाते. आणि ही रक्कम जुन्या मालकाच्या कोणत्याही येण्यापोटी अडविता वा जप्त करता येत नाही, हे त्या कायद्याचे दहावे कलम निक्षून सांगते.

उपदानाचेही तसेच. १९७२ च्या कायद्याने ते पाच वर्षांनंतर राजीनामा देणाऱ्यासही लागू केले आणि तीस दिवसांत द्यावे असे ठरविले; सुटकेचे पत्र मिळाले नाही म्हणून ते बुडत नाही. तात्पर्य, पैशाच्या बाबतीत कायदा कामगाराच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. अडते ते पुढचे पाऊल : नव्या कार्यालयाचा अधिकारी ही सारी नोंद समोर असूनही जुन्या मालकाच्या सहीचाच कागद मागतो, आणि तो नसलेल्यास फरारी समजतो. ‘फरारी’ हा शब्द आपण गुन्हेगारासाठी राखून ठेविला आहे. मुदत पुरी न करता नोकरी बदलणाऱ्यास तो लावताना १८५९ च्या कायद्याचीच छाया आपल्या मनावर अजून पडलेली आहे असे मला वाटते.

दुसरी बाजू

मालकाच्या गाऱ्हाण्यालाही न्याय दिला पाहिजे. कापसाच्या ऐन आवकेत जिनिंगचा फिटर न सांगता निघून गेला तर दहा गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहतात. पतसंस्थेचा रोखपाल तिजोरीचा मेळ न घालता गेला तर ठेवीदारांचा विश्वास डळमळतो. वर्षाच्या मध्यावर गणिताचा शिक्षक निघून गेला तर दहावीच्या मुलांचे नुकसान कोणी भरून देत नाही. मुदत पाळणे आणि पदभार व्यवस्थित सोपविणे हे केवळ कराराचे कलम नव्हे, ते आपल्या मागे राहणाऱ्या सहकाऱ्यांविषयीचे कर्तव्य आहे. दोन ठिकाणांहून एकाच वेळी वेतन घेण्यासाठी जुनी नोकरी लपविणारे लोकही आहेत, आणि त्यांच्यामुळे सरळ मार्गाच्या माणसाकडेही संशयाने पाहिले जाते. परंतु या प्रत्येक गाऱ्हाण्यावर उपाय हिशेबाच्या कागदात आहे : पूर्वसूचनेच्या मुदतीचे वेतन वळते करावे, बंधपत्राची रास्त रक्कम मागावी, वस्तू परत न आल्यास दावा लावावा. दाखला दाबून ठेवल्याने न भरलेली मुदत भरून निघत नाही, गेलेला फिटर परत येत नाही. फक्त एका कुटुंबाचा पुढचा घास अडतो.

जगात इतरत्र हा भेद मान्य झालेला दिसतो. जर्मनीच्या १९०० पासून अमलात असलेल्या दिवाणी संहितेने सेवा सोडणाऱ्यास लेखी प्रमाणपत्राचा हक्क दिला, आणि त्यात वाचणाऱ्यास गुप्त इशारा देणारी भाषा वापरण्यास तेथील कायद्याने पुढे मनाई केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या १६६ व्या शिफारशीत म्हटले आहे की, मागणी केल्यावर मिळणाऱ्या या प्रमाणपत्रात फक्त लागल्याची तारीख, सुटल्याची तारीख आणि कामाचे स्वरूप असावे. वर्तनाविषयीचा अभिप्राय कामगाराने मागितला तरच द्यावा. कतारसारख्या देशानेही, जेथे जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्रावाचून लक्षावधी परदेशी कामगारांना नोकरी बदलता येत नसे, २०२० मध्ये ती अट काढून टाकली.

काय करावे

नोकराने राजीनामा लेखी व तारखेसह द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि पोच मिळत नसल्यास पोचपावतीच्या टपालाने पाठवावा. सोपविलेल्या वस्तूंची व कागदांची यादी करून तीवर घेणाऱ्याची सही घ्यावी. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या, बँकेचा उतारा, फॉर्म १६ आणि निधीच्या खात्याचा उतारा हे सर्व घरी जपून ठेवावे, कारण दाखला न मिळाल्यास हेच त्याचे दाखले होत. मागची नोकरी नव्या ठिकाणी लपवू नये. पत्र मिळाले नाही, आपण मागणी केली होती, ही तिची प्रत, असे सरळ सांगणे हाच अखेर कमी धोक्याचा मार्ग आहे. नव्या मालकाने निधीच्या नोंदी आणि वेतनाचे पुरावे पुरेसे मानावेत. जुन्या मालकाने हिशेबाचा वाद चालू असतानाही सेवेचा दाखला वेगळा काढून द्यावा. आणि शासनाने, आस्थापना कितीही लहान असो, सुटल्यापासून ठरावीक दिवसांत हा तीन ओळींचा दाखला देण्याचे बंधन घालावे. नेमणूकपत्र सर्वांना सक्तीचे करणाऱ्या कायद्यास हे अवघड नाही.

हे बंधन अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने आपल्याच घरातील एका जुन्या कागदाकडे पाहावे. शाळा सोडल्याचा दाखला प्रत्येक मराठी घरात पेटीच्या तळाशी जपलेला असतो. हा दाखलाही पूर्वी थकलेल्या फीपायी अडविला जाई आणि मुलाचे वर्ष वाया जाई. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने ठरविले की, प्राथमिक शिक्षण घेणाऱ्या मुलाचा असा दाखला मुख्याध्यापकाने तत्काळ द्यावा, उशीर करील तो शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र व्हावा, आणि दाखला आला नाही या कारणावरून नव्या शाळेने प्रवेश अडवू नये. दाखला देणारा, तो न देणारा आणि तो मागणारा या तिघांचेही कर्तव्य त्या एका कलमाने सांगितले. फीचा वाद उरलाच तर तो पालक आणि शाळा यांच्यात राहिला. मूल त्यातून मोकळे झाले. जे आपण त्या मुलासाठी न्याय्य मानले, ते ते मूल मोठे होऊन कामाला लागल्यावर अन्याय्य ठरत नाही.